तंबाखूची पुडी आणि विम्याचा फॉर्म

मागच्या अंकात टर्म विम्याचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तर वारसांना रक्कम देणाऱ्या विम्याचा, प्रस्ताव अर्ज कसा भरायचा ते थोडक्यात दिलं होतं. त्यावर मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून पत्रं आली. बहुतेक पत्रं फिरून एकाच रकान्यापाशी येतात, तो म्हणजे तंबाखूचा. काहींनी छंदांच्या रकान्याबद्दलही विचारलं आहे. सारख्या प्रश्नांतून एकेक निवडून उत्तरं दिली आहेत.

बिडी-सिगारेटला मी कधी हात लावला नाही. तंबाखू मात्र दिवसातून पाच-सहा वेळा मळतो. एजंट म्हणायलेत, ‘तुम्ही नॉन-स्मोकरमध्येच बसता, उगं हप्ता वाढवू नका.’ खरं का? (शेतकरी, गेवराई)

खरं नाही. ‘स्मोकर’ हा शब्द विमावाल्यांनी इंग्रजीतून जसाच्या तसा उचलला आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला. रकान्याचं नाव सोडा, त्याखालचा प्रश्न वाचा. तो साधारण असा असतो: ‘गेल्या १२ महिन्यांत तुम्ही तंबाखू किंवा निकोटिन असलेला पदार्थ कोणत्याही स्वरूपात घेतला आहे का?’ काही कंपन्या १२ महिन्यांऐवजी तीन किंवा पाच वर्षांचं विचारतात. म्हणून शेजाऱ्याच्या फॉर्मवर काय होतं ते ऐकू नका, तुमच्या फॉर्मवरचा आकडा बघा.

‘कोणत्याही स्वरूपात’ या दोन शब्दांत मळलेला तंबाखू येतो, गुटखा, मावा, जर्द्याचं पान, तपकीर, हुक्का, ई-सिगारेट हे सगळं येतं. धूर निघतो का, हे कंपनी बघतच नाही. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग व्हायला धूर लागत नाही, निकोटिननं रक्तदाब वाढायलाही लागत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे म्हणून बरेच जण तो लिहायला कचरतात. कंपनी तुमच्या तब्येतीची जोखीम मोजत असते. पुडी कुठल्या टपरीवरून आणली, असा रकाना फॉर्मवर नसतो.

‘हो’ लिहिलं की खाली चार गोष्टी विचारतात: प्रकार, रोजचं प्रमाण, किती वर्षांपासून आणि सोडला असेल तर कधी. तिथं ‘थोडाफार’ किंवा ‘कधीमधी’ लिहू नका. अंडररायटर, म्हणजे तुमची जोखीम मोजून हप्ता ठरवणारा माणूस, मुंबईत किंवा बंगळुरात बसलेला असतो. ‘कधीमधी’चा अर्थ त्याला लावता येत नाही. मग तो उलट विचारणा पाठवतो आणि तुमचा अर्ज तेवढे दिवस पडून राहतो. असं लिहा: ‘चघळण्याचा तंबाखू, चुन्यासोबत, दिवसातून ५ ते ६ वेळा, एक पुडी दोन दिवस पुरते, २००९ पासून.’ एवढ्या एका ओळीत त्याचं काम होतं.

सकाळी दातांना मिश्री लावते, बाकी काही नाही. मुलगा पॉलिसी काढतोय. मिश्रीचं काय सांगायचं त्यात? (गृहिणी, उदगीर)

सांगायचं. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळा केलेला तंबाखूच. ती थुंकून टाकली तरी हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातं आणि तपासणीत दिसतं. बायकांच्या फॉर्मवर हा प्रश्न विचारायचाही अनेकांना संकोच वाटतो, भरणारा परस्पर ‘नाही’वर खूण करून मोकळा होतो. खूण झाली की ती तुमची. नुसती सुपारी किंवा बिनतंबाखूचं पान यांत निकोटिन नसतं, त्यामुळे त्यांचं उत्तर वेगळं. पण सुपारीबद्दल फॉर्मवर स्वतंत्र विचारलं असेल तर तेही खरं लिहा. सुपारीनं तोंडाचे आजार होतात, म्हणूनच ते विचारतात.

मी वाळूजला कंपनीत आहे. शनिवार-रविवारी दोन-तीन सिगारेटी होतात. मेडिकलच्या आधी आठ दिवस बंद ठेवलं तर रिपोर्टमध्ये येणार नाही, असं मित्र म्हणतो. (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

आधी शास्त्र. निकोटिन शरीरातून काही तासांत निघून जातं. त्यापासून तयार होणारं कोटिनीन जास्त टिकतं, साधारण १६ ते २० तासांत ते निम्म्यावर येतं. लघवीच्या तपासणीत ते काही दिवस सापडतं, आणि रोज तंबाखू खाणाऱ्याच्या बाबतीत त्याहून जास्त दिवस. एलआयसीच्या टर्म योजनांत नॉन-स्मोकरचा दर हवा असेल तर ही लघवीची कोटिनीन चाचणी द्यावीच लागते. निकोटिनचं च्युइंगम किंवा पट्टी वापरून तंबाखू सोडायचा प्रयत्न करणाऱ्याचीही चाचणी पॉझिटिव्ह येते. असं कुणी करत असेल तर ते फॉर्मवर आधीच लिहावं. शेजारी बसलेल्याच्या धुरानं मात्र सहसा कुणी स्मोकर ठरत नाही.

तेव्हा तुमच्यासारख्या आठवड्याला दोन-तीन ओढणाऱ्याची चाचणी आठ दिवसांनी कोरी येऊ शकते, हे मान्य. पण मित्राला एक गोष्ट उमगलेली नाही. दावा रिपोर्टवरून नाकारला जात नाही, तो तुमच्या सहीच्या उत्तरावरून नाकारला जातो. प्रश्न ‘गेल्या १२ महिन्यांत’चा आहे, गेल्या आठ दिवसांचा नाही. शिवाय आता बरीचशी मेडिकल फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर होते, डॉक्टर तोच प्रश्न पुन्हा विचारतात आणि ते बोलणं रेकॉर्ड होतं. म्हणजे खोटं उत्तर दोनदा, त्यातलं एक तुमच्या आवाजात.

ते उघडं कुठं पडतं? दवाखान्यात. छातीत दुखतंय म्हणून सरकारी घाटी रुग्णालयात नेलं किंवा खासगीत नेलं, तरी दाखल करताना डॉक्टर सोबतच्या माणसाला विचारतातच, ‘बिडी, सिगारेट, तंबाखू, दारू?’ आणि बायको किंवा भाऊ खरं ते सांगतात. सांगायलाच पाहिजे, कारण उपचार त्यावर ठरतो. ती ओळ केस पेपरवर निळ्या शाईत उतरते: ‘सिगारेट, १० वर्षांपासून.’ पॉलिसी घेऊन दोन वर्षं झालेली असताना हा कागद कंपनीच्या तपासनिसाला मिळाला की त्याला आणखी काही शोधावं लागत नाही.

आता पैशाचा हिशोब. कंपनीगणिक आणि वयागणिक आकडे बदलतात, पण टर्म विम्यात तंबाखूवाल्याचा हप्ता साधारण दीडपटीच्या आसपास किंवा त्याहून थोडा जास्त असतो. समजा तिशीतल्या माणसाला एक कोटीच्या विम्याला वर्षाला १२,००० रुपये पडतात आणि खरं सांगितल्यावर १९,००० होतात. फरक ७,००० रुपये, म्हणजे दिवसाला १९ रुपये, एखाद्या सिगारेटीचे पैसे. तीस वर्षांत सगळे मिळून २,१०,०००. एवढ्या पैशासाठी एक कोटी टांगणीला लावायचे का, ते तुम्ही ठरवा. तसंही २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, तेवढा भार हलका झालाच आहे.

माझी पॉलिसी आठ महिन्यांपूर्वीची. फॉर्म एजंटनं भरला, मी फक्त सह्या केल्या. परवा बाँड (पॉलिसीचा कागद) उघडला तर तंबाखूच्या पुढं ‘नाही’ लिहिलेलं. मी तर त्याच्या समोरच खातो. आता काय करावं? (शिक्षक, नांदेड)

बाँड उघडून पाहिलात, हे बरं झालं. बहुतेकांचा बाँड कपाटात पिशवीतच राहतो आणि पहिल्यांदा उघडतो तो दाव्याच्या वेळी.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत न आवडल्यास परत करता येते. ती मुदत तुमची गेली, तरी दुरुस्तीचा रस्ता बंद झालेला नाही. बाँडसोबत प्रस्ताव अर्जाची प्रत असते, ती पूर्ण वाचा. तंबाखूचं चुकलं असेल तर बाकीचंही तपासा: उंची-वजन, उत्पन्न, आईवडिलांचे आजार, दारू, आणि विशेषतः आधीच्या पॉलिसी. आधीची पॉलिसी लपवणं ही चूक तंबाखूइतकीच महागात पडते. २०१९ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्याच कारणावरून दावा नाकारणं योग्य ठरवलं. त्याच निकालात असंही म्हटलं आहे की न वाचता सही केली या सबबीवर सही करणाऱ्याला सहसा सुटता येत नाही.

मग शाखेला पत्र लिहा. मजकूर लांबवू नका: ‘पॉलिसी क्रमांक अमुक. प्रस्ताव अर्जातील तंबाखूविषयीच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर नोंदले गेले आहे, ते चुकीचे आहे. मी २०११ पासून चघळण्याचा तंबाखू दिवसातून चार वेळा घेतो. ही माहिती नोंदवून घ्यावी व आपला निर्णय लेखी कळवावा.’ खाली सही आणि तारीख. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. तोच मजकूर कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर तुमच्या नोंदलेल्या पत्त्यावरून पाठवा. पत्र एजंटच्या हाती देऊ नका. तो वाईट माणूस असेलच असं नाही, पण या पत्रात त्याच्याच कामाची चूक आहे, आणि अशी पत्रं वाटेत हरवतात.

यानंतर कंपनी मेडिकल करायला सांगू शकते, फरकासह वाढीव हप्ता मागू शकते, पॉलिसी आहे तशी चालू ठेवू शकते किंवा रद्दही करू शकते. रद्द होण्याची भीती वाटणं साहजिक आहे. पण तुम्ही स्वतःहून, हयातीत, लेखी कळवलं असेल, तर पुढं कुणी ‘जाणूनबुजून लपवलं’ म्हणायला आलं की त्याला उत्तर तुमच्या हातात राहतं. उत्तर येईपर्यंत हप्ता भरत राहा. दुसरी पॉलिसी घ्यायची ठरवलीत तर ती मंजूर होऊन बाँड हातात येईपर्यंत पहिली सोडू नका, आणि नव्या फॉर्मवर पहिलीचा उल्लेख करा.

एजंटला माहीत होतं, या मुद्द्याला कायद्यात थोडी जागा आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ मध्ये म्हटलं आहे की जो माणूस विम्याची बोलणी करतो तो करार ठरवण्यापुरता कंपनीचा एजंट समजला जाईल, आणि कंपनीला आधीच माहीत असलेल्या गोष्टीवरून फसवणुकीचा ठपका ठेवता येत नाही. पण त्याला माहीत होतं हे सिद्ध कोण करणार? तुम्ही तोवर नसाल. म्हणून या ओळीच्या भरवशावर राहू नका, पत्र द्या.

फॉर्म इंग्रजीत असेल आणि सही मराठीत किंवा अंगठा असेल, तर शेवटच्या पानावर एक जादा जबाब असतो: ‘मजकूर मराठीत समजावून सांगितला, उत्तरं प्रस्तावकानं दिली.’ त्याखाली समजावणाऱ्याची सही असते. घरच्या वडीलधाऱ्यांची पॉलिसी काढताना ते पान कोरं सोडू देऊ नका, आणि समजावून सांगितलेलं नसेल तर तिथं सही करू देऊ नका. बऱ्याच कंपन्यांचा फॉर्म मराठीतही मिळतो, मागायचा.

तीन वर्षं काढली की कंपनीला काहीच करता येत नाही म्हणे. मग तीन वर्षंच तर काढायचीत! (वाचक, जालना)

तीन वर्षांचं खरं आहे. विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ मध्ये २०१५ च्या दुरुस्तीनं ही तरतूद आली. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कोणत्याही कारणानं पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. एक पळवाट कंपनीकडं उरते ती वयाची. वयाचा पुरावा ती केव्हाही मागू शकते.

पण ‘तीन वर्षं’ कुठून मोजायची, इथं लोक फसतात. पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण) जोडल्याची तारीख आणि पॉलिसी पुन्हा चालू केल्याची तारीख, यांतली जी सगळ्यात शेवटची असेल तिथून. कापसाचे किंवा सोयाबीनचे पैसे उशिरा आले, हप्ता राहिला, पॉलिसी लॅप्स झाली, मग दिवाळीनंतर व्याजासह भरून रिव्हायव्हल केलं, असं इकडं सर्रास होतं. त्या दिवसापासून तीन वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. शिवाय रिव्हायव्हलच्या वेळी प्रकृतीचा नवा जबाब लिहून द्यावा लागतो आणि त्यात तंबाखू पुन्हा विचारलेला असतो. दहा वर्षं जुनी पॉलिसी अशी एका चुकलेल्या हप्त्यानं पुन्हा कच्ची होते. हप्त्याला बँकेतून ऑटो डेबिट लावून ठेवलं तर ही भानगड टळते.

आणि तीन वर्षांच्या आतला मृत्यू काही तारीख ठरवून येत नाही. त्या काळातला दावा कंपनी सहसा तपासाला देते. तपासनीस गावात येतो, शेजारी विचारतो, टपरीवर विचारतो, तालुक्याच्या दवाखान्यांत जुनं रजिस्टर चाळतो. फसवणूक आहे असं कंपनीनं म्हटलं आणि विमाधारक हयात नसला, तर ‘फसवणूक नव्हती’ हे सिद्ध करण्याचं ओझं कायद्यानंच वारसावर टाकलं आहे. म्हणजे तिशीतल्या विधवेनं, नवऱ्यानं कोणत्या मनानं खूण केली होती, ते सिद्ध करायचं. फसवणूक न म्हणता चुकीच्या माहितीवरून पॉलिसी रद्द केली, तर निदान भरलेले हप्ते ९० दिवसांत परत द्यावे लागतात. फसवणुकीत त्याचीही खात्री नाही.

‘तंबाखू लपवला, पण मृत्यू तर अपघातात झाला’ असाही एक प्रश्न लातूरहून आला आहे. कायद्याचा रोख मृत्यूच्या कारणावर नाही. खरी माहिती असती तर कंपनीनं ती पॉलिसी दिली असती का, हे बघितलं जातं, आणि दिली नसती हे कंपनीनं दाखवायचं असतं. मृत्यूशी संबंध नसलेली गोष्ट लपवली म्हणून दावा बुडवू नये, असे निकाल आहेत आणि त्याच्या उलटेही आहेत. ज्याला कोर्टात जायची हौस आहे त्यानं यावर पैज लावावी.

मी सर्पमित्र आहे. पावसाळ्यात आठवड्याला चार-पाच कॉल येतात. पैसे घेत नाही, म्हणजे धंदा नाही. छंदात लिहायचं का? (वाचक, परभणी)

हो, आणि जरा तपशिलानं. धोक्याच्या छंदांचा प्रश्न ‘तुम्ही गिर्यारोहण, डायव्हिंग, शर्यती, हवाई खेळ किंवा इतर धोकादायक गोष्टी करता किंवा करणार आहात का?’ असा असतो. यादीत साप नसतो, म्हणून लोक ‘नाही’ लिहितात. ‘इतर’मध्ये तो येतो.

कोऱ्या कागदावर एवढं लिहून जोडा: किती वर्षांपासून, महिन्याला साधारण किती साप, त्यांत विषारी किती (नाग, मण्यार, घोणस, फुरसे), कोणती साधनं वापरता (हूक, पिशवी, गमबूट), प्रशिक्षण कुठं झालं, वन विभागाचं ओळखपत्र किंवा परवानगी असेल तर त्याची प्रत, आणि आजवर दंश झाला असेल तर तारीख आणि दवाखान्याचा डिस्चार्ज पेपर. दंशाची नोंद लपवू नका, ती केस पेपरवर आहेच. नुसतं ‘साप पकडतो’ एवढंच वाचलं तर अंडररायटरच्या डोळ्यांसमोर यात्रेतला गारुडी उभा राहतो. हूक आणि प्रशिक्षण वाचलं की तो वेगळा विचार करतो. प्रदर्शन म्हणून नाग गळ्यात घालून व्हिडिओ टाकत असाल तर ते आधी बंद करा. त्याचं कारण विमा नाही.

उत्तर चारपैकी एक येईल. आहे त्याच दरात मंजूर, जादा हप्त्यासह मंजूर, अपघाताचा रायडर वगळून मंजूर किंवा नकार. छंदाचा जादा हप्ता बहुधा दर हजारी लावतात. समजा हजाराला दोन रुपये लावले आणि विमा ५० लाखांचा असेल, तर वर्षाला १०,००० रुपये वाढतील. असा सुधारित प्रस्ताव आला की तो संमतीसाठी येतो, तुम्ही ‘हो’ म्हणेपर्यंत विमा सुरू होत नाही. आवडला नाही तर दुसऱ्या कंपनीत जा, पण तिथल्या फॉर्मवर ‘पूर्वी जादा दर लावला होता का?’ याला ‘हो’ लिहा.

मूळ विम्यात पहिल्या १२ महिन्यांतली आत्महत्या सोडली तर मृत्यूचं कारण सहसा आडवं येत नाही. अपघाताचा रायडर मात्र धोकादायक खेळ आणि कामं वगळतो, त्यामुळे सापाच्या बाबतीत रायडरवर फार भिस्त ठेवू नका, रक्कम मूळ विम्यातच वाढवा. तुम्ही शेतकरी कुटुंबातले असाल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशानं मृत्यू झाल्यास दोन लाख मिळतात. वारसांनी ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं अर्ज करायचा असतो, हे घरात सांगून ठेवा.

ट्रेकिंगचं लिहायचं का? वर्षातून दोनदा सह्याद्रीत जातो. (वाचक, बीड)

देवगिरी किंवा कळसूबाई पायवाटेनं चढून येत असाल तर ते चालणंच आहे, पण विचारलं असेल तर लिहायला हरकत नाही, त्यानं सहसा दर वाढत नाही. दोर लावून कडा चढणं किंवा हिमालयात उंचावर जाणं याला वेगळी प्रश्नावली येते: किती मीटरपर्यंत, एकटे की गटात, वर्षातून किती वेळा. तारकर्लीला सहलीत एकदा प्रशिक्षकासोबत पाण्याखाली गेलात, तर ‘एकदा, प्रशिक्षकासोबत, पुन्हा बेत नाही’ एवढं पुरे. बुलेटवरून लडाखला जाणं म्हणजे प्रवास. ट्रॅकवर शर्यत असेल तर ती लिहायची.

हिंगोलीच्या एका वाचकानं शंकरपटाचं विचारलं आहे. गाडीवर स्वतः उभे राहून बैल हाकत असाल तर ती शर्यतच झाली, लिहा. नुसती जोडी पाळली असेल आणि हाकणारा दुसरा असेल, तर तसं लिहा. शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानं मान्यता दिली असली तरी त्यानं अंडररायटरचं गणित बदलत नाही.

आम्ही ऊसतोडीला जातो. आमच्यासारख्याला टर्म पॉलिसी कुठून मिळणार? नवरा तंबाखू पण खातो. (वाचक, वडवणी)

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा घ्या. बँकेत खातं असेल तर वर्षाला ४३६ रुपये कापून जातात आणि दोन लाखांचं संरक्षण मिळतं. वय १८ ते ५० असावं. त्यात तंबाखू विचारत नाहीत. नाव नोंदवल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर मृत्यूला रक्कम मिळत नाही, म्हणून कारखान्याला निघायच्या महिनाभर आधीच बँकेत जा. सोबत २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही घ्या, तो अपघाताचा आहे. पैसे ३१ मेच्या आसपास कापतात, त्या वेळी खात्यात शिल्लक हवी.

पॉलिसी घेतल्यावर सिगारेट लागली तर कळवायचं का? आणि सुटली तर हप्ता कमी होतो का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

पॉलिसी सुरू झाल्यानंतर लागलेली सवय कळवण्याचं बंधन सहसा नसतं. करार त्या दिवशीच्या खऱ्या उत्तरांवर होतो. मात्र अर्ज दिल्यापासून मंजुरी येईपर्यंत काही बदललं, तर ते कळवावंच लागतं. सुटली असेल तर फॉर्मच्या प्रश्नात जेवढी मुदत दिली आहे तेवढी पूर्ण कोरडी जाऊ द्या, मग नव्या पॉलिसीला नॉन-स्मोकरचा दर मागा. जुन्या पॉलिसीचा दर कमी करणाऱ्या कंपन्या फार नाहीत, तरी विचारून बघा. वय वाढल्यानं नवा हप्ता कधी कधी जुन्या तंबाखूवाल्या हप्त्याइतकाच निघतो, हिशोब करूनच बदला.

नवऱ्याचा दावा ‘तंबाखूसेवन लपवले’ म्हणून नाकारला. पॉलिसीला दोन वर्षं झाली होती. एजंट आता फोन उचलत नाही. (वाचक, धाराशिव)

नकाराचं पत्र समोर ठेवा आणि त्यात तीन गोष्टी शोधा. पत्राची तारीख, कारण ‘फसवणूक’ लिहिलंय की ‘चुकीची माहिती’, आणि पुरावा कोणता. नाकारताना कारणं आणि ती ज्यावर आधारली ते कागद कंपनीनं लेखी कळवायचे असतात. कळवले नसतील तर आधी तेच मागा: प्रस्ताव अर्ज, मेडिकल रिपोर्ट, व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग, तपासनिसाचा अहवाल, केस पेपरची प्रत.

केस पेपरवरची ओळ नीट वाचा. ‘तंबाखू, पाच वर्षांपासून’ हे कुणी सांगितलं, कुणाची सही आहे, तो पेपर नेमका तुमच्याच नवऱ्याचा आहे का? शेजाऱ्याच्या जबाबाला केस पेपरइतकं वजन नसतं. कोटिनीन चाचणी झाली होती आणि ती निगेटिव्ह आली होती, तर ते तुमच्या बाजूचं. पॉझिटिव्ह आली असूनही पॉलिसी दिली होती, तर कंपनीला माहीत होतं, हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा.

पहिला अर्ज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडं. मराठवाड्यासाठी त्यांचं कार्यालय पुण्याला आहे, अर्ज ऑनलाइनही जातो. शुल्क नाही, वकील चालत नाही, तुम्ही मराठीत बोला. ५० लाखांपर्यंतची भरपाई तिथं मिळू शकते आणि तो निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. अर्ज एका वर्षाच्या आत करायचा, आणि त्याच वेळी कोर्टात किंवा ग्राहक आयोगात प्रकरण चालू नसावं. रक्कम त्याहून मोठी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथं मुदत दोन वर्षांची. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली तर कंपनीकडून उत्तर लवकर येतं, पण निवाडा तिथं होत नाही.

एजंटचा फोन नंतर लावा. लोकपालाच्या अर्जाला पॉलिसीचा बाँड, मृत्यूचा दाखला, नकाराचं पत्र आणि कंपनीला दिलेल्या तक्रारीची पोच, या चार प्रती लागतील. पोच नसेल तर तक्रार उद्याच स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोस्टाची पावती त्याच फाईलला टाचून ठेवा.